बँकेच्या पायऱ्या उतरताना

चोर गाठतो वाहनतळावर, पण सावज हेरतो बँकेतच. काउंटरपलीकडून असा गृहस्थ ओळखू यायचा. तासभर स्लिप भरत बसायचा, ती स्लिप काउंटरवर कधी यायची नाही! त्याचे लक्ष एवढेच : नोटा कोणी मोजल्या, पिशवी कोणती, ती स्कूटरच्या डिकीत गेली की हँडलला लटकली. पेन्शनचे दिवस त्याला आपल्याइतकेच पाठ.

बाहेर त्याचा साथीदार. "आजोबा, तुमचे पैसे पडले!" खाली खरोखरच दहाच्या चार-पाच नोटा. आपण वाकतो, तेवढ्यात पिशवी जाते. कधी सदऱ्यावर घाण उडवलेली, कधी चाक पंक्चर. मदतीला भला माणूस हजर. ना चाकू, ना आरडाओरड, आणि मुलीच्या लग्नाचे पैसे गेलेले.

रोकड आतच मोजून आत ठेवावी, शक्यतो सोबत कोणी असावे. पडलेल्या नोटा पडू द्याव्यात. कोणी अंगावरच आला तर मात्र पिशवी सोडावी आणि ११२ लावावा. चाक बसलेले दिसले, तर पिशवी छातीशी धरून सरळ शाखाधिकाऱ्याच्या केबिनमध्ये जाऊन बसावे. तो वैतागेल, वैतागू द्या.