फोडणीतलं तेल कुठे मोजायचं?

साताऱ्याहून एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. आहारतज्ज्ञांनी त्यांना तक्ता आखून दिला: सकाळी दोन फुलके, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, रात्री एक भाकरी आणि पालेभाजी. बाहेरचं सगळं बंद, घरी स्वतःच्या हातानं रांधलेलंच खायचं. तीन महिने झाले, दीड किलो उतरलं आणि काटा तिथेच अडला. पण त्यांचा प्रश्न काट्याबद्दल नाही. त्या विचारतात, ‘मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये एक वाटी भाजी लिहिली की कॅलरींचा आकडा येतो. त्यात माझी फोडणी धरलेली असते का?’

फोडणी धरलेली असते, पण तुमची नव्हे. कुणाची तरी, कुठल्या तरी स्वयंपाकघरातली. हा प्रश्न इतका नेमका आहे की तो वाचून मला अमेरिकी शास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर आठवला, आणि त्याच्याबद्दल लिहायची संधी मी सोडणार नाही.

अन्नाच्या पाकिटावर आपण जे कॅलरींचे आकडे वाचतो, त्यांचं मूळ अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, मिडलटाउन गावच्या वेस्लेयन विद्यापीठात आहे. तिथे 1890च्या दशकात अ‍ॅटवॉटर आणि भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझा यांनी माणूस मावेल एवढी पेटी बांधली. सुमारे सात फूट लांब, चार फूट रुंद, धातूच्या भिंतींची. आत घडीचा पलंग, खुर्ची, टेबल. माणूस आत शिरला की काही दिवस तिथेच खायचा, झोपायचा, कधी जागच्या जागी सायकल मारायचा. जेवण लहानशा झरोक्यातून आत जायचं. अंगातून निघणारी उष्णता नळ्यांमधून वाहणारं पाणी शोषून घ्यायचं आणि ते पाणी किती तापलं यावरून हिशोब व्हायचा. आत गेलेलं अन्न आणि बाहेर आलेलं मलमूत्र वेगळं तपासलं जायचं. जमेची आणि खर्चाची बाजू जवळजवळ काटेकोर जुळली. माणसाचा देहसुद्धा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पाळतो, हे एका बंद खोलीत मोजून दाखवण्याची ती हिंमत मला आजही थक्क करते.

खाल्लेल्यातलं अंगी किती लागतं, याच्या अशा हिशोबांतून अ‍ॅटवॉटरचे आकडे आले: प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला 4, स्निग्ध पदार्थ ग्रॅमला 9 कॅलरी. सव्वाशे वर्षांनंतरही जगभरची कोष्टकं त्यांच्यावरच उभी आहेत.

आता यात खोट कुठे आहे? हे आकडे सरासरीचे आहेत. बदाम घ्या. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी 2012मध्ये माणसांना बदाम खायला घालून पुन्हा तसाच जमाखर्च मांडला. 28 ग्रॅम बदामांतून कोष्टकाप्रमाणे 170च्या आसपास कॅलरी मिळायला हव्यात, प्रत्यक्षात 129 मिळाल्या. पेशींच्या भिंती दातांनी पुऱ्या फुटत नाहीत आणि आतलं तेल तसंच बाहेर पडतं. शेंगदाण्यांचंही असंच आहे. 1980च्या एका अभ्यासात अख्ख्या दाण्यांतलं बरंच तेल न पचता निघून गेलं, दाण्याच्या लोण्यातलं त्याहून कमी आणि नुसतं तेल दिल्यावर सर्वांत कमी. म्हणजे दाणे चावून खाणं आणि त्यांचं कूट करून आमटीत घालणं, पोटाच्या दृष्टीनं दोन्ही एक नव्हे. खलबत्ता आणि मिक्सर पचनाचं थोडं काम आधीच उरकून ठेवतात.

पण साताऱ्याच्या बाईंचा काटा कुटामुळे अडलेला नाही. पाव किलो फ्लॉवर घ्या. त्यात साधारण 60 कॅलरी. फोडणीला चार चहाचे चमचे तेल घातलं, तर 160. भाजीपेक्षा फोडणी अडीच पटींहून जड. आणि आपण चमचे मोजतच नाही. कावळ्यातून तेल ओततो, ते कढईत पसरलं की हात थांबतो, भाजी तळाला लागतेय असं वाटलं की आणखी सोडतो. ‘एक वाटी भाजी’ या शब्दांत हे सगळं लपून जातं. भाताचंही तेच. शंभर ग्रॅम तांदळात 350 कॅलरी, शिजून पाणी प्यायलेल्या शंभर ग्रॅम भातात जेमतेम 130. कोणता आकडा अ‍ॅपमध्ये भरला, त्यावर दिवसाचा हिशोब फिरतो. म्हणून मोजायचं ते कच्चं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017मध्ये देशभरचे नमुने तपासून 528 पदार्थांची कोष्टकं प्रसिद्ध केली, ती मुख्यतः कच्च्या पदार्थांचीच आहेत. जी बाई पहिल्यापासून सगळं घरी रांधते, तिच्या हातात हा कच्चा माल असतो. हॉटेलात खाणाऱ्याला ही सोय नाही.

तेलासाठी मात्र पुन्हा अ‍ॅटवॉटरकडे जावं लागतं. पेटीमुळे तो गाजला, पण त्याचं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांचा आहार त्यानं आणि त्याचा सहकारी चार्ल्स वुड्स यानं अभ्यासला. पद्धत साधी: सुरुवातीला घरात काय आहे ते मोजायचं, पुढे जे विकत आणलं ते त्यात मिळवायचं, शेवटी जे उरलं आणि जे टाकलं ते वजा करायचं. ताटात डोकावायचं कारणच नाही.

आपल्याकडे हे काम वाण्याची यादी करते. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज 30 ग्रॅम पडतं, म्हणजे 270 कॅलरी. तूप, दाणे आणि खोबरं वेगळं. पातेल्यात उरलेला भात टाकवत नाही म्हणून खाल्ला जातो, तोही बहुतेक रांधणारीच्याच वाट्याला येतो आणि कुठल्याच तक्त्यात नसतो. आहारतज्ज्ञांनी वाट्यांआधी ही यादी मागवायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग घरी रांधण्याचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तोही मोजलेला. 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगासाठी संशोधक केव्हिन हॉल यांनी अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या सरकारी संशोधन रुग्णालयात 20 जणांना महिनाभर ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातून तयार होऊन आलेलं अन्न, दोन आठवडे साध्या कच्च्या मालातून रांधलेलं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, स्निग्धांश आणि चोथा सारखाच. हवं तेवढं खा, एवढीच सूचना. कारखान्याच्या अन्नावर लोकांनी रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या, त्याही भराभर, आणि जवळपास एक किलो वाढवलं. रांधलेल्या अन्नावर तेवढंच उतरलं. माणसं थोडी होती आणि काळही थोडा. शिवाय त्या रुग्णालयात स्वयंपाक करणारे पगारी होते, ही गोष्ट घरच्या स्वयंपाकाचे गोडवे गाणाऱ्यांनी विसरू नये.

याच हॉल यांनी 2011मध्ये ‘महिन्यात पाच किलो’वाल्या जाहिरातींना पुरून उरेल असं गणित मांडलं होतं. रोजच्या खाण्यातून कायमच्या साधारण 24 कॅलरी कमी केल्या, तर अखेरीस एक किलो उतरतं, पण त्यातलं निम्मं उतरायलाच वर्ष लागतं, आणि जवळपास सगळं उतरायला तीन वर्षं. वजन घटतं तसा देहाचा खर्चही घटतो. ताई, रोजचं दोन चमचे तेल म्हणजे 80 कॅलरी. तेवढं कमी केलं, तर पहिल्या वर्षात दीड किलोच्या आसपास उतरेल, तीन वर्षांत मिळून तीन किलोंहून थोडं जास्त.

तेव्हा काट्यावर रोज उभ्या राहू नका. तेलाची पुढची पिशवी फोडाल, त्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहून ठेवा. ती संपेल त्या दिवशी मला कळवा.