जंगलाचा जमाखर्च

दिवाळीतल्या वहीपूजनाला व्यापारी नव्या वहीवर हळदकुंकू वाहतो आणि पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहितो. देशाच्याही अशाच वह्या असतात. परंतु कोणती रक्कम कोणत्या खात्यावर मांडली, हे सहसा कोणी पाहत नाही. हवामानबदलाच्या वहीत आमच्या झाडीपट्टीतले चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे कसे मांडले आहेत, ते पाहण्यासारखे आहे.

१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. आज दोघांची कामे निराळी. चंद्रपूर कोळसा खणते. तेथील महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. वीज दूरवर जाते, राख मात्र जवळच राहते. शेजारच्या गडचिरोलीत दोन-तृतीयांशाहून अधिक भूमीवर जंगल. एका भावाने धूर सोडावा आणि दुसऱ्याने तो गिळावा, असा हा संसार!

या जंगलाची आता दिल्लीला गरज आहे. २०३० पर्यंत वृक्षांच्या बळावर आणखी अडीच ते तीन अब्ज टन कर्बवायू शोषून घेऊ, असे वचन भारताने २०१५ मध्ये जगाला दिले. २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत सोडलेला आणि शोषलेला वायू बरोबरीला आणण्याची घोषणा झाली. वचन मोठे आणि योग्यच. पण झाडे काही कचेरीत उगवत नाहीत.

मग पैशाचे काय? २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवला. नाव ठेवले ‘स्वच्छ ऊर्जा’. २०१६ मध्ये तो ४०० रुपयांवर गेला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि कोळशावरचा उपकर राज्यांची महसुली तूट भरण्याकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही गेला आणि कोळशावरील कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. राज्यांची गरज खोटी नव्हती. तरीही देवळासाठी वर्गणी गोळा करावी आणि तीतून सावकाराचे देणे फेडावे, तसेच हे झाले.

कोणी म्हणेल, २०१५ पासून जिल्हा खनिज निधी आहे ना? आहे, आणि त्यातून कामेही होतात. परंतु त्याचा झरा खाणीच्या स्वामित्वधनात. खाण थांबली की झरा आटला! म्हणजे कामगाराला, ट्रकचालकाला आधाराची खरी गरज पडेल, तेव्हाच तिजोरी रिकामी. आणि खाणीविना जंगल राखणाऱ्या गावाचे नाव त्या यादीत येण्याचे कारणच नाही.

अशा गावाचे उदाहरण धानोरा तालुक्यातच आहे. मेंढा (लेखा) या गोंड वस्तीला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू तोडून बाहेर विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती! अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले, आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. हक्क आणि उत्पन्न एकाच हाती आले, की वणवा विझवायला कोणाला हुकूम द्यावा लागत नाही.

‘लेखा’ म्हणजे हिशेब. मराठी शिकवणाऱ्या मला या गावाच्या नावातच धडा दिसतो. कोळशावरील करातला ठरावीक वाटा कायद्याने दोन खात्यांवर जावा: एक, जंगल राखणाऱ्या ग्रामसभांचे, दुसरे, उद्या काम गमावणाऱ्या खाणकामगारांचे. दानधर्म म्हणून नव्हे, केलेल्या कामाची मजुरी म्हणून. ती देण्यासाठी २०७० ची वाट पाहण्याचे कारण नाही. येता अर्थसंकल्पही पुरेसा आहे.