आपली वसाहत वार्धक्यात साथ देईल का?

पुनर्विकासाचा प्रस्ताव आला, की सोसायटीच्या सभेत वाढीव चटईक्षेत्र आणि वाहनतळ यांची चर्चा रंगते. पंचाहत्तरी ओलांडलेला सभासद तेथून एकट्याने बाहेर पडू शकेल का, हे मात्र क्वचितच विचारले जाते. सौरऊर्जा आणि पर्जन्यजलसंचय हवेतच. परंतु उतारवयात जी वसाहत सोडावी लागते, तिला शाश्वत कसे म्हणावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यासाठी ३३ शहरांतील ज्येष्ठांचे व त्यांची काळजी घेणाऱ्यांचे अनुभव ऐकले गेले. त्यांत दिल्ली व उदयपूरही होती. घर, वाहतूक आणि आरोग्यसेवा यांच्या बरोबरीने मोकळ्या जागा आणि सामाजिक सहभाग यांनाही तिने स्थान दिले.

आपल्या परिसराची पारख आपणही करू शकता. एके दिवशी घरातील ज्येष्ठांसमवेत, त्यांच्याच गतीने, औषधांच्या दुकानापर्यंत चालून या.

पदपथ : इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. कडेची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावी.

रस्ता ओलांडणे : पादचारी सिग्नलसाठी सहसा सेकंदाला १.२ मीटर वेग गृहीत धरतात. या हिशेबाने १२ मीटरचा रस्ता १० सेकंदांत पार होतो; सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्यास १५ सेकंद लागतात. उरलेले ५ सेकंद त्याने भर रस्त्यात काढायचे का?

बसथांबा : वसाहतींचे मूल्यमापन करणाऱ्या ‘लीड’ पद्धतीत घरापासून सुमारे ४०० मीटर चालण्याचे अंतर प्रमाण मानतात. वाटेत सावली व विसाव्याला बाक आहे का, तेही पाहा.

इमारत : वीज गेल्यावर लिफ्ट चालते का? प्रवेशद्वाराशी उतरण असल्यास एक फूट चढासाठी किमान बारा फूट लांबी आहे का? मे महिन्यात पाणी टँकरवर अवलंबून असते का?

शेजार : दोन दिवस दार उघडले नाही, तर चौकशी करणारे कोणी आहे का?

ज्या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली, ती टिपून ठेवा. इमारतीतील उणिवा पुनर्विकासाच्या करारापूर्वी लेखी मांडा. रस्त्यावरील उणिवा प्रभाग कार्यालयाकडे अर्जाने कळवा. पडण्याच्या धास्तीने बाहेर जाणे थांबले, की व्यायाम, भेटीगाठी आणि उमेद हळूहळू ओसरू लागते. ते टाळण्याचे निम्मे काम उंबरठ्याबाहेर करायचे असते.