सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनचा आकार बिघडतो का?

पीएचडीच्या मुलाखतीत प्रथिनांवरचा एक प्रश्न बऱ्याचदा येतो: रचना आणि कार्य यांचा संबंध एखाद्या उदाहरणाने सांगा. आपल्याकडचा, म्हणजे विदर्भातला विद्यार्थी अशा वेळी डोळे मिटून सिकलसेल सांगतो. उत्तर साधारण असं असतं: "बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकार बदलतो, म्हणून ते ऑक्सिजन धरू शकत नाही, आणि पेशी विळ्यासारखी होते."

यातला पहिला तुकडा बरोबर आहे, शेवटचाही बरोबर आहे. मधले दोन चूक आहेत. गंमत म्हणजे सगळं शिकण्यासारखं त्या मधल्या दोनांतच आहे.

उदाहरण घरचंच आहे म्हणून जरा नीट बघू. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोलंकी यांचा नागपुरातून लिहिलेला लेख 'लॅन्सेट'मध्ये १९५८ साली आला. आज मेडिकल किंवा मेयोच्या ओपीडीत अर्धा तास बसलात तर 'एसएस पॅटर्न', 'एएस पॅटर्न' हे शब्द कानावर पडतीलच. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून येणारे पेशंटचे नातेवाईकही हे शब्द सहज वापरतात. तेव्हा यावर चुकीचं उत्तर देणं आपल्याला तरी शोभत नाही.

आधी इतिहास, थोडक्यात. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रुग्णांचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकतं. म्हणजे त्याच्यावरचा विद्युतभार वेगळा आहे. एखाद्या रोगाचं मूळ एका रेणूत आहे असं इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच म्हटलं गेलं. पण रेणूत नेमकं कुठे? हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या, अल्फात १४१ अमिनो आम्लं, बीटात १४६. सगळी मिळून ५७४. त्या काळी एवढ्या मोठ्या प्रथिनाचा क्रम वाचणं म्हणजे वर्षानुवर्षांचं काम.

केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रमने क्रम वाचलाच नाही. त्याने दोन्ही हिमोग्लोबिनं ट्रिप्सिनने कापली. ट्रिप्सिन फक्त लायसिन आणि आर्जिनिननंतर कापतं, त्यामुळे तुकडे मोजकेच पडतात. ते तुकडे कागदावर एका दिशेने विजेवर पळवले, मग काटकोनात दुसऱ्या दिशेने द्रावकावर, आणि निनहायड्रिन फवारून ठिपके बघितले. दोन कागद शेजारी ठेवल्यावर एकच ठिपका हललेला दिसला. १९५६ मध्ये ठिपका, १९५७ मध्ये त्यातला बदल: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. संशोधनाला नव्याने लागताना मला हा प्रयोग पुन्हा पुन्हा आठवतो. सगळं मोजायची सोय नसेल तर फरक मोजा.

आता मुद्द्याकडे. ही सहावी जागा रेणूच्या पृष्ठभागावर आहे. लोह धरून ठेवणारा हीम गट आत, खोल खाचेत आहे. चार साखळ्या एकमेकींना चिकटतात त्या जागाही वेगळ्या. त्यामुळे बाहेरच्या अंगाला एक अमिनो आम्ल बदललं तरी साखळीची घडी जवळपास तशीच राहते, चार साखळ्यांची जुळणीही तशीच. पातळ द्रावणात हिमोग्लोबिन एस ऑक्सिजन जवळपास नेहमीच्या हिमोग्लोबिनसारखाच धरतं आणि सोडतं. एकटा रेणू घेऊन तपासलात तर त्याच्या कामात खोट काढणं अवघड आहे.

मग बिघडतं कुठे? शेजाऱ्याशी.

ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, त्याला पाणी आवडतं. व्हॅलिनवर भार नाही, त्याला पाणी नको असतं. तेलाचा थेंब पाण्यात दुसरा थेंब शोधतो तसं हे व्हॅलिन पाण्यापासून लपायला जागा शोधतं. पण नुसतं चिकट टोक असून भागत नाही, ते बसेल अशी खोबणही लागते. ती खोबण शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर असते: ८५ व्या जागेचं फिनाइलअॅलनिन आणि ८८ व्या जागेचं ल्युसिन यांच्यामधली. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनच्या साखळ्या थोड्या फिरतात, आणि त्याच स्थितीत हे दोन भाग एकमेकांत बसू शकतात. ऑक्सिजन धरलेल्या स्थितीत जुळणी होत नाही. म्हणून फुफ्फुसातून निघालेली पेशी गोल असते, आणि ऑक्सिजन देऊन झाल्यावर तिच्यात दोर वळायला लागतो. दोर हा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नाही. रेणूवर रेणू लागून १४ पदरांचा पीळदार धागा तयार होतो, असे असंख्य धागे पेशीला आतून ताणतात, आणि ती विळा होते.

म्हणजे मुलाखतीत सांगायचं ते असं: प्राथमिक रचना बदलली, द्वितीयक आणि तृतीयक जवळपास तशीच, चार साखळ्यांची चतुर्थक रचनाही तशीच. पण रेणू-रेणूंमध्ये एक नवं नातं तयार झालं जे निसर्गात असायला नको होतं. काम बिघडलं नाही, एक नको असलेलं काम वाढलं.

हे पटत नसेल तर भावंडं बघा. त्याच सहाव्या जागी लायसिन आलं तर हिमोग्लोबिन सी होतं. भारातला बदल एसपेक्षा जास्त, पण आजार खूप सौम्य. त्याच जागी अॅलनिन आलं तर हिमोग्लोबिन जी-मकासर. अॅलनिनवरही भार नाही, पण ते इतकं छोटं की खोबणीत पकड घेत नाही, आणि माणूस ठणठणीत असतो. उलट १२१ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन आलं की हिमोग्लोबिन डी-पंजाब. भारातला बदल अगदी एसइतकाच! नेहमीच्या अल्कधर्मी इलेक्ट्रोफोरेसिसवर दोघांचा पट्टा एकाच जागी येतो. एकट्या डीने फारसं काही होत नाही, पण एका पालकाकडून एस आणि दुसऱ्याकडून डी आलं तर चांगला जोरदार सिकलसेल आजार होतो, कारण १२१ वी जागा दोराच्या जोडणीत येते. एवढ्यासाठीच नुसत्या पट्ट्यावर विसंबू नये. विद्राव्यता चाचणीत डी गढूळ होत नाही, एस होतं, आणि एचपीएलसीवर दोघं वेगळे निघतात.

विद्राव्यता चाचणी शिबिरात पाहिली असेल: रक्ताचे थेंब बफरमध्ये टाकायचे, ऑक्सिजन काढून घेणारं डायथायोनाइट त्यात असतंच, आणि नळीमागच्या काळ्या रेघा दिसतात का बघायचं. दिसल्या नाहीत तर एस आहे. पण ती व्यक्ती एएस की एसएस हे ही नळी सांगत नाही. आणि तान्ह्या बाळात तर ती फसवते, कारण बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन एफ भरपूर असतं.

एएस आणि एसएस यातला फरक लोकांच्या आयुष्यात किती मोठा आहे ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. एएस निघाली म्हणून मुलीचं जमलेलं लग्न मोडतं, म्हणून घरचे रिपोर्ट लपवतात, आणि मग दोन एएस एकमेकांशी लग्न करतात आणि प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता २५ टक्के राहते. तेव्हा एएस व्यक्ती आजारी का नसते हे आपल्याला प्रथिनाच्या भाषेत माहीत असायला हवं.

एएस व्यक्तीच्या पेशीत एसचं प्रमाण निम्म्याहून कमी असतं, साधारण ३५ ते ४० टक्के. धागा सुरू व्हायला आधी काही रेणूंचा गठ्ठा जमावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. हा वेळ एसच्या संहतीवर फार विलक्षण अवलंबून आहे. संहती थोडीशी बदलली तरी वेळ कित्येक पटींनी बदलतो. गणितात बसवलं तर घातांक १५ ते ३० च्या आसपास जातो. रसायनशास्त्रात आपण पहिली घात, दुसरी घात शिकतो, इथे एवढी. केशवाहिनीतून पेशी साधारण सेकंदाभरात पार होते. एएस व्यक्तीच्या पेशीत धागा सुरू व्हायच्या आत ती फुफ्फुसाकडे परत निघालेली असते. एसएस रुग्णात ही शर्यत काही पेशी हरतात.

आता हीच गोष्ट नवतप्यात ठेवून बघा. पारा ४५ च्या पुढे, घाम अखंड, बाहेर मजुरी करणारा एसएस तरुण. शरीरातलं पाणी कमी झालं की लाल पेशीतलंही कमी होतं, आत एसची संहती वाढते, आणि वर सांगितलेला घातांक आपलं काम करतो. त्यात या रुग्णांच्या मूत्रपिंडाला लघवी घट्ट करून पाणी वाचवणं नीट जमत नाही, म्हणजे पाणी दोन्हीकडून जातं. डॉक्टर 'भरपूर पाणी पी' म्हणतात ते घरच्यांना वरवरचं वाटतं. पण रेणूच्या पातळीवर यापेक्षा थेट सल्ला शोधून सापडणार नाही. (थंडीतही वेदनांचे झटके येतात, पण तिथे रक्तवाहिन्या आकसून पेशी जास्त वेळ अडकतात. थंडीत धागा वळतो असं समजू नका. व्हॅलिनची ही जुळणी थंड केल्यावर उलट सैल पडते, बर्फात ठेवलेलं घट्ट झालेलं द्रावण पुन्हा पातळ होतं.)

हिमोग्लोबिन एफ धाग्यात का शिरत नाही, हेही यातच आहे. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि गॅमाच्या ८७ व्या जागी ग्लुटामिन असतं, बीटात तिथे थ्रिओनिन. ८५ आणि ८८ च्या मधलीच ही जागा, म्हणजे खोबणीच्या तोंडाशी. एक गॅमा आणि एक बीटा-एस असलेला संकरित रेणूसुद्धा दोरात बसत नाही. हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा एक मोठा उपयोग एफ वाढवण्याचाच. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या ६० मुलांवर कमी आणि ठरावीक मात्रेची, दररोज प्रति किलो वजनाला १० मिलिग्रॅम, अशी चाचणी घेतली. ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. एफ वाढलं, वेदनांचे झटके कमी झाले. भारतातल्या रुग्णांत मुळातच एफ जास्त, म्हणून आजार सौम्य, असं पुस्तकात सर्रास लिहिलेलं असतं. मग तीव्र त्रासाची एवढी मुलं एका शहरात कुठून आली, हा प्रश्न ते वाक्य वाचताना मनात ठेवा.

मकासरकडे एकदा परत येतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड लिऊच्या प्रयोगशाळेने उंदरांवर एक मजेशीर गोष्ट करून दाखवली. एसचा कोडॉन जीटीजी. तो मूळ जीएजी करणं त्यांच्या बेस एडिटरला जमत नाही, पण जीसीजी करणं जमतं. जीसीजी म्हणजे अॅलनिन. म्हणजे एसचं ए होत नाही, मकासर होतं, आणि तेवढ्याने काम भागतं. जे मूळचं नाही पण निरुपद्रवी आहे असं हिमोग्लोबिन चालेल, ही कल्पना सुचायला खोबणीचा आकार माहीत असावा लागतो.

हे सगळं स्वतः बघायचं असेल तर प्रोटीन डेटा बँकेतून दोन फाइली उतरवा: ४-एच-एच-बी, म्हणजे ऑक्सिजन सोडलेलं नेहमीचं हिमोग्लोबिन, आणि २-एच-बी-एस, म्हणजे तसंच हिमोग्लोबिन एस. एकावर एक ठेवून फरक शोधा, लवकर सापडणार नाही. मग दुसऱ्या फाइलमध्ये एका रेणूचं व्हॅलिन शेजारच्या खोबणीत बसलेलं शोधा. अल्फाफोल्डला एकटी बीटा साखळी दोन्ही क्रमांनी देऊन पाहिलीत तर तो जवळपास एकच घडी देईल आणि रोग दिसणार नाही. त्यात त्याची चूक नाही, शेजारी तुम्ही दिलाच नव्हता.

आणि एक सापळा. जुन्या मोजणीत ही जागा सहावी, कारण सुरुवातीचं मेथिओनिन गळून पडतं आणि ते मोजत नाहीत. आजच्या जनुकीय नामकरणात ते मोजतात, म्हणून तीच जागा सातवी. स्ट्रक्चर फाइलमध्ये जुनी मोजणी आहे. साखळीची सुरुवात अशी आहे: व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक, ग्लुटामिक, लायसिन. सहावंही ग्लुटामिक आणि सातवंही. शोधनिबंधातला आकडा ७ वाचून फाइलमध्ये सातवी जागा बदललीत तर सॉफ्टवेअर चकार शब्द काढणार नाही, कारण तिथेही त्याला ग्लुटामिक आम्लच सापडतं. गणनं तीन दिवस चालतील आणि उत्तर दुसऱ्याच प्रथिनाचं येईल. माझं आलं होतं.