तंतुकणिकांचा सांगावा

माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या तंतुकणिकांचा, डीएनए 1981 मध्ये केंब्रिजमध्ये पूर्ण वाचून झाला. 16,569 अक्षरं, 37 जनुकं आणि त्यांतून बनणारी प्रथिनं अवघी 13. पुढची वीस वर्षं हा हिशेब पक्का धरला गेला. त्याच काळात नवी मुंबईतल्या आमच्या घणसोलीचा दिनक्रम पालटत होता. शहर वसवणाऱ्या सिडकोने जमिनी घेतल्या होत्या, ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने उभे राहिले होते. लावणीला दिवसभर वाकणारी, खाडीचा चिखल तुडवणारी आगरी-कोळी माणसं नोकरीत, दुकानात, खोल्यांच्या भाड्यावर स्थिरावली. अंगमेहनत गेली, ताटातला भात राहिला.

2001 मध्ये तो पक्का हिशेब मोडला. तोक्योच्या केइओ विद्यापीठात निशिमोतो यांच्या गटाला अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतून 24 अमिनो आम्लांच्या एका पेप्टाइडचा, म्हणजे चिमुकल्या प्रथिनाचा, माग लागला: ह्युमॅनिन. तंतुकणिकांच्या ज्या जनुकातून प्रथिन बनतच नाही असं मानत, त्यातच त्याचा आराखडा दडला होता. 2015 मध्ये लॉस एंजेलिसला चांगहान ली आणि पिंकस कोहेन यांच्या गटाने 16 अमिनो आम्लांचं मॉट्स-सी शोधलं. चरबीयुक्त खाद्यावर ठेवलेल्या उंदरांना ते टोचल्यावर त्यांचा लठ्ठपणा रोखला गेला आणि स्नायू इन्शुलिनला दाद देऊ लागले. 2021 मध्ये, व्यायामानंतर तरुणांच्या स्नायूंत तेच पेप्टाइड अनेक पटींनी वाढतं, हे दिसलं.

आपल्यासाठी हे का मोलाचं, याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत माता-बालकांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोंची, हडकुळी, पण त्या मानाने अंगावर चरबी राखून असलेली. 2004 मध्ये याज्ञिक आणि लंडनचे युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचाही बीएमआय 22.3, पण चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1. गरोदरपणी फोलेट जास्त आणि बी-12 कमी असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिन प्रतिरोध, म्हणजे शरीराने इन्शुलिनला दाद न देणं, अधिक असतो, हेही याच अभ्यासातून 2008 मध्ये पुढे आलं. मॉट्स-सी काम करतं तेही पेशीतल्या फोलेट चक्रावरच. एवढ्यावरून दोन्हींचं नातं सिद्ध होत नाही, पण ते तपासायलाच हवं.

औषधाची वाट मात्र लांबची आहे. मॉट्स-सीच्या धर्तीवरच्या सीबी4211 ची छोटी चाचणी 2021 मध्ये पार पडली. यकृताची एन्झाइम्स उतरली, पण त्यातून औषध बाजारात आलं नाही. तरी ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेल्या मॉट्स-सीच्या कुप्या ऑनलाइन विकल्या जातात. व्यायामशाळेत जाणाऱ्या आमच्या पोरांनी त्या टोचून घेऊ नयेत. किती मात्रा सुरक्षित आणि वर्षानुवर्षं घेतल्यास काय होईल, याचा माणसांवरचा भरवशाचा पुरावाच नाही.

स्नायू राबले की मॉट्स-सीचा हा सांगावा शरीर स्वतःच धाडतं. म्हणून एका पिढीत शेतातून खुर्चीत आलेल्या घणसोलीसारख्या गावांतली माणसं या संशोधनात मोजली गेली पाहिजेत. उंदरांवर आणि परदेशी तरुणांवर मिळालेलं उत्तर आमच्या अंगाला लागू पडतं का, ते त्याशिवाय कळणार नाही.