गिधाडं गेली कुठे?

"ढोर मेलं की थोड्याच वेळात आभाळातून गिधाडं उतरायची," असं आमच्या गोंडपिपरीकडची म्हातारी माणसं सांगतात. आमच्या पिढीने मात्र गिधाड पाहिलं ते बहुतेक टीव्हीवरच. मग ही गिधाडं गेली कुठे?

जैवविविधतेचा नाश म्हटलं की आपल्याला कुऱ्हाड, खाण आणि शिकारी आठवतात. पण गिधाडांचा घात केला तो एका औषधाने. त्याचं नाव डायक्लोफेनॅक. हो, पाय मुरगळला की आपण घेतो तेच पेनकिलर! १९९० च्या दशकात ते जनावरांनाही सर्रास दिलं जाऊ लागलं. आजारी बैलाला इंजेक्शन दिलं आणि तो दोन-तीन दिवसांत मेला, तर औषध त्याच्या मांसात शिल्लक राहतं. ते मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, युरिक अ‍ॅसिड आतल्या अवयवांवर साचतं आणि काही दिवसांत पक्षी मरतो. आधी हा एखादा संसर्ग असावा असं वाटत होतं. खरं कारण २००४ साली, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून कळलं.

आता थोडं गणित. गिधाडं थव्याने जेवतात, म्हणजे एका मेलेल्या जनावरामुळे कित्येक पक्षी मरू शकतात. म्हणूनच शंभरात एकापेक्षाही कमी जनावरांच्या मांसात हे औषध असलं, तरी एवढा विनाश व्हायला पुरेसं होतं. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के कमी झाली. त्यातून मादी वर्षाला एकच अंडं घालते. म्हणजे पंधरा वर्षांत गमावलेलं पंधरा वर्षांत परत येणार नाही.

आणि नुकसान फक्त गिधाडांचं झालं का? नाही. सडणारं मांस भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला आलं आणि रोगराईचा धोका वाढला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २००५ या काळात त्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसं जास्त मेली. फुकटात काम करणारी सफाई यंत्रणा आपणच बंद पाडली!

जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये त्या ३ मिलीपुरत्या मर्यादित केल्या. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक यांनाही जनावरांसाठी बंदी झाली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे.

आपल्या भागात आशा अजून आहे. गडचिरोलीत वनविभागाने गिधाडांसाठी चक्क 'उपाहारगृहं' काढली, जिथे औषधमुक्त मांस ठेवलं जातं. प्राणहितेपलीकडे तेलंगणातल्या बेज्जूरच्या जंगलात, पालरापूच्या कड्यावर, लांब चोचीच्या गिधाडांची घरटी सापडली. २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरहून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडं ताडोब्यात आणली. त्यातलं एक उडत उडत पार तामिळनाडूत पोचलं आणि तिथे विजेचा धक्का लागून मेलं.

मित्रांनो, उद्या विजेच्या लाइन आपल्यापैकीच कुणीतरी डिझाइन करणार आहे. पक्ष्याच्या पंखांचा विस्तार तेव्हा आपल्या ड्रॉइंगमध्ये असेल का? आणि घरच्या बैलाला सुई टोचताना, "डॉक्टर, मेलॉक्सिकॅम आहे ना?" एवढं तरी आपण आजच विचारू शकतो.