प्रभादेवीचा रसिक आणि संघाची थैली
प्रभादेवीच्या कबड्डीरसिकास पराभवापेक्षां संघाचा हिशेब अधिक बोचतो. 2018 च्या प्रो कबड्डी लिलावांत यू मुंबानें पकडींत निष्णात अशा इराणी फझल अत्राचलीस एक कोटी रुपये, तर कोल्हापूरकडील नवख्या सिद्धार्थ देसाईस 36 लाख 40 हजार मोजले. सिद्धार्थनें त्या पहिल्याच हंगामांत दोनशेंहून अधिक गुण मिळविले. तरी पुढील वर्षीं फझलला राखून त्यास सोडलें. तेलुगू टायटन्सनीं त्याला 1 कोटी 45 लाखांना घेतलें. संघाच्या एकूण खर्चास मर्यादा असते. दोन महागडे खेळाडू ठेवले कीं इतरांसाठीं थैली रिकामी, हें चालकांचें गणित चुकीचें नव्हे. पण घरचा चढाईवीर गेला, ही रसिकाची तक्रारही (मातींत गुडघे फोडलेल्या माणसाची!) पोकळ नाहीं. 2015 सालीं मिळालेला करंडक यू मुंबास 2025 पर्यंत पुन्हां मिळाला नाहीं.